लेकीच्या शहरात कुठं उतरावं, कुठं जेवावं

पुण्यात शौकीन माणसानं कुठं उतरावं, कुठं जेवावं आणि कुठं प्यावं, हे कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं. वऱ्हाडातल्या अख्ख्या चिखलीत या विषयातला माझ्याएवढा जाणकार सापडायचा नाही. आमच्या गल्लीतली माणसं पुण्याला गेली की पोराच्या खोलीवर सतरंजी टाकून झोपतात, नाहीतर साळ्याच्या घरी उतरतात आणि साळ्याच्या बायकोचं तोंड फुगवून परत येतात. मी आणि माझी बायको मात्र दर खेपेला नव्या हॉटेलात उतरतो. तेही असल्या हॉटेलात, की ज्याच्या दारातला माणूस माझ्या पिशवीला हात लावण्याआधी माझ्या चपलांकडे बघतो.

मी रिटायर मास्तर. भूगोल शिकवला. चिखलीजवळच्या उंद्रीला थोडं वावर, म्हणजे शेत आहे, चिखलीत घर आहे. असले शौक माझ्या ऐपतीतही बसत नाहीत आणि स्वभावातही. हॉटेलात मी उतरतो ते एवढ्याचसाठी, की आमची एकुलती एक मुलगी पुण्यात राहते.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. लेक तिथं असताना हॉटेल कशाला? पण आमच्यात लेकीच्या घरी मायबाप अन्नपाणी घेत नाहीत, तिला लेकरू होईपर्यंत. नातू नाहीतर नात मांडीवर आली की मग खुशाल जेवा, चार दिवस राहा, कुणी काही म्हणत नाही. तोवर तिच्या घरचा घोटभर चहासुद्धा नाही. माझी बहीण रोहिणखेडला दिली होती. वडील तिला भेटायला जायचे तेव्हा घरून भाकरी बांधून न्यायचे, गावाच्या शिवेबाहेर निंबाखाली बसून खायचे, फिरकीच्या तांब्यातलं आपलंच पाणी प्यायचे आणि धोतर झटकून मग लेकीच्या दारात उभे राहायचे. बहिणीला लवकरच मुलगा झाला आणि वडिलांची निंबाखालून सुटका झाली.

मी हा नियम मानतो का? मानत नाही. पाळतो. जन्मभर मुलांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं शिकवलं आणि घरी येऊन सूर्य बुडाल्यावर नखं काढली नाहीत. आपल्याकडे शिकलेला माणूस असाच असतो, त्यात माझं वेगळं काही नाही.

आता पुण्यात निंब शोधायचा कुठं? मुलीच्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तिच्याकडे निघालो तेव्हा मी हाच विचार करत होतो, तर तिचाच फोन आला. म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी हाटेल पाहून ठेवलं. घरापासून जवळच हाय. जेवण बी बाहेरच करू सगळे." तिनं इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं, चला, पोरगी समजूतदार आहे. तेव्हापासून ही रीत पडली ती पडली. बिल मात्र मी द्यायचं. जावयानं दिलं तर ते अन्न जावयाचं झालं, मग घरात जेवलो काय आणि हॉटेलात जेवलो काय.

हॉटेलं निवडतात जावईबापू. ते कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, पण त्यांचा खरा धंदा खाणं आणि खाण्याआधी त्याचे फोटो काढणं. त्यांच्या मोबाइलवर ते लोकांना सांगत असतात, कुठं राहावं, काय प्यावं, कोणत्या टेबलावर बसावं. लोक म्हणे ते वाचून जातात. माणूस वाईट नाही. मुलीला जपतो, मोठ्यांना मान देतो. पण साधी खिचडी समोर आली तरी तिला तिन्ही बाजूंनी बघतो, आणि तोवर ती गार होते.

आम्ही परत चिखलीला आलो की ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "काय मास्तर, यंदा कुठी उतरले होते?" विचारणाऱ्याला हॉटेलशी काही देणंघेणं नसतं. मी 'हॉटेलात' म्हटलं की त्याला कळतं, मास्तरच्या पोरीला अजून काही नाही. सरळ विचारायची हिंमत नाही म्हणून ही वळणं घेतात. आणि चेहरा असा करतात, जसं काही माझ्या मुक्कामाची काळजी यांनाच लागून राहिली होती.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या भावाच्या घरी नातवाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, पंगती उठत होत्या. वहिनी मला वाढायला आली आणि चारचौघांत म्हणाली, "तुमचं बरं हाय भावजी. लेकीच्या घरी उष्टं-खरकटं काही नाही. हाटेलातलं खायाचं आन गादीवर लोळाचं. नशीब लागते बाप्पा." बाकीच्या बायकांनी पदरात तोंडं घातली. माझी बायको तिथंच पापड वाटत होती. तिनं मान वर केली नाही, एकेका ताटात पापड टाकत ती पुढं सरकली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या पानावरून तसाच उठलो असतो, पण बारशाच्या दिवशी लेकराच्या आनंदात माती कशाला कालवायची म्हणून बसून राहिलो.

त्याच पंगतीत मी ठरवलं. या खेपेला पुण्याला गेलो की लेकीच्या घरी जेवायचं. दणकून जेवायचं, आणि परत येऊन पहिल्यांदा वहिनीच्या दारात जाऊन सांगायचं, लेकीच्या घरी जेवून आलो, भाकरी भल्ली चांगली करते माझी पोरगी. झाला तर होऊ दे गावभर बोभाटा. नियम मी मोडतो म्हटल्यावर पोरीच्या डोक्यावरचं ओझंही उतरेल, तिला किती बरं वाटेल, असा माझा हिशेब होता.

हे बायकोला मी चिखलीत सांगितलं नाही. तिनं नेहमीसारखी बांधाबांध केली. तुरीची डाळ, उडदाचे पापड, ठेचा, ज्वारीचं पीठ. आम्ही लेकीच्या घरी सगळं नेऊ शकतो, फक्त तिथलं काही खाऊ शकत नाही. आणि या सगळ्यासोबत आमच्या दोघांच्या पाण्याच्या बाटल्या.

या खेपेचं हॉटेल म्हणजे आधीच्या सगळ्यांवर कडी होती. आत पाऊल टाकलं तर असा वास, जसं कुणी उदबत्तीच्या गोदामात कोंडलं आहे. एका पोरीनं हात जोडले आणि आमच्या हातात निळ्या रंगाचं पाणी दिलं, वर पुदिन्याचं पान. बायकोनं विचारलं, "याच्यात काय हाय बाई?" त्या पोरीनं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. बायको मला म्हणाली, "औषध असन," आणि डोळे मिटून पिऊन टाकलं.

खोलीत पलंगावर उशाच उशा. आधी उशांची सोय, मग जागा उरली तर माणसाची. वर टेबलावर एक छापील कार्ड, त्यात आणखी कोणकोणत्या उशा मागवता येतील ते लिहिलेलं. जेवणाचं कार्ड मी समजू शकतो. उशीचं कार्ड करणाऱ्याला आणि ते वाचून उशी मागवणाऱ्याला एकाच वावरात जुंपलं पाहिजे, कामाशिवाय झोप लागत नाही म्हणूनच हे चोचले सुचतात.

पण कहर न्हाणीघराचा होता. पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये भिंत नव्हती, काच होती. आरपार दिसणारी काच. लग्नाला आमच्या इतकी वर्षं झाली, पण मी काही बायकोची अंघोळ बघायला पुण्याला आलो नव्हतो, आणि तिला तर माझी मुळीच बघायची नव्हती. तिनं पिशवीतनं दोन पातळं काढली आणि काचेवर टांगली. त्या दोन पातळांनी त्या खोलीला पहिल्यांदा घरपण आलं.

आत बादली नव्हती. मी खाली फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "सर, शॉवर आहे." मी म्हणालो, शॉवर आहे ते मला दिसतं, मला बादली पाहिजे. बायकोला डोक्यावर पाऊस पाडून घ्यायची सवय नाही. थोड्या वेळानं एक माणूस चकचकीत स्टीलची एक बुटकी बादली घेऊन आला, बर्फानं भरलेली, वर पांढरा रुमाल. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, म्हाताऱ्याला थंडीत बाटली गार करायची आहे असं तो समजला असावा. मी बादली ठेवून घेतली. बर्फ बेसिनात ओतला आणि त्या बादलीनं, चहाच्या कपानं पाणी घेत, आम्ही दोघांनी अंघोळी केल्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पहिल्या दिवशी दुपारी जावईबापू आम्हाला जेवायला घेऊन गेले. म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. खास वऱ्हाडी जेवण मिळतं इथं." घरच्यासारखं वाटायला घर असावं लागतं.

त्या जागेच्या भिंतीवर पेरणीची तिफण टांगली होती. बैलाचं जू, कंदील, सूप, जात्याची अर्धी तळी. सिमेंटच्या जमिनीला शेणाचा रंग दिलेला. मला आठवलं, उंद्रीच्या गोठ्यातली मोडकी तिफण मी भंगारवाल्याला देऊन टाकली होती. इथं आणून टांगली असती तर लोक तिच्याखाली बसून फोटो काढत बसले असते. फेटा बांधलेला वेटर आला आणि सिनेमातल्या गावठी भाषेत म्हणाला, "राम राम पाव्हणं, कसं काय, बरं हाय नव्हं?" मी म्हणालो, "बरं हाय रे बाप्पा. तू पहिले पाणी आण, मंग बोलू." तो गोंधळला आणि जावयाकडे वळून हिंदीत विचारू लागला की साहेबांना काय पाहिजे. बिचाऱ्याचा काही दोष नाही. कुठून कुठून पोटासाठी आलेला, मालकानं डोक्याला फेटा गुंडाळला आणि चार वाक्यं पाठ करून घेतली.

मग रोडगा आला. आमच्याकडे रोडगा म्हणजे कणकेचा गोळा, आत पदर घातलेला, वावरात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला. फोडला की वाफ निघते, वर तूप सोडायचं, वरणात कुस्करायचा, सोबत वांग्याची भाजी आणि शेजारी बसलेल्याचं कोपर आपल्या ताटात. इथं एका रोडग्याची चार शकलं करून त्यातलं एक शकल काळ्या दगडी पाटीवर ठेवून आणलं होतं. शेजारी तुपाचे थेंब, ते सुद्धा ओळीनं. जन्मभर मी पाटीवर पोरांना लिहायला लावलं, म्हातारपणी पाटीवर जेवायची पाळी आली. बायकोनं तुकडा मोडला, चावला आणि हळूच म्हणाली, "याले गोवरीचं तोंडबी दिसलं नाही."

जावईबापू फोटो काढत होते. माझी मुलगी मात्र माझ्या शेजारी बसली होती आणि तिचं लक्ष माझ्या पाटीवर होतं. वरणाची वाटी आली की ती वेटरच्या हातातून घ्यायची आणि आपल्या हातानं मला वाढायची. भाकरी आली तर तिचे चार तुकडे करून माझ्यापुढे ठेवले, कांदा फोडून ठेवला. वेटर लगबगीनं आला, "मॅडम, मी वाढतो." ती म्हणाली, "राहू द्या." आम्ही मायबाप आणि लेक एकत्र जेवतो ते फक्त अशाच जागी, फेटेवाल्यांच्या नाकासमोर. तिला माझ्या ताटात काही वाढायचं असेल तर दुसऱ्याच्या हॉटेलात येऊन वाढावं लागतं. तो पाटीवरचा रोडगा कसाही असो, मी तो संपवला, आणि मनात म्हटलं, बस आता, उद्या घरी.

संध्याकाळी जावईबापूंनी मला एकट्याला प्यायला नेलं. मी रोज घेणारा नाही, पण सोवळाही नाही. ती जागा म्हणजे अंधार. इतका अंधार की मेनूकार्ड वाचायला मोबाइलचा उजेड पाडावा लागला. इतका पैसा घालून जागा बांधता, तर दोन बल्ब लावायला काय झालं? जावईबापू म्हणाले, "बाबा, इथली खासियत म्हणजे मोह." मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोदकडे, मोहाची दारू गाळली म्हणून पोलीस येतात, हंडे फोडतात, माणसाला धरून नेतात. इथं तीच दारू मातीच्या कुल्हडात, वर एक वाळलेलं फूल, काठाला मीठ लावलेलं, आणि आणणारा माणूस पाठ केल्यासारखं सांगत होता की ही आदिवासींची परंपरा आहे. परंपरेचे हंडे तिकडे फुटतात आणि परंपरेचे पैसे इकडे मिळतात.

मी घोट घेतला. त्यात लिंबू होतं, आलं होतं, मध होता, धुराचा वास होता. मोह तेवढा नव्हता. जावईबापूंनी विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "सर्दीवर चांगलं आहे." ते मनापासून हसले. मोठ्या माणसाचं बोलणं मनावर घेत नाहीत, हा एक गुण त्यांच्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला माझा बेत सांगितला. ती पलंगाच्या काठावर बसून वेणी घालत होती, समोर काचेवर तिचीच पातळं वाळत होती. मी म्हणालो, "आज पोरीच्या घरी जेवतो. तू बी जेव. फुकाटचा नियम हाय तो. वहिनीचं तोंड एकदाचं बंद करून टाकतो."

तिचे हात थांबले. म्हणाली, "तिले पहिले इचारा."

"तिले काय इचाराचं त्यात? बाप लेकीच्या घरी जेवून राह्यला. तिले आनंदच होईन."

"तरी बी इचारा," ती म्हणाली आणि पुन्हा वेणी घालायला लागली. मला वाटलं, बायको परंपरेची, घाबरते. बायका अशा बाबतीत मागंच राहायच्या, असंही मनात आलं. माझं शहाणपण त्या सकाळी उतू चाललं होतं.

दुपारी आम्ही लेकीच्या घरी गेलो. जावईबापू ऑफिसात होते. फ्लॅट छोटा पण नीटनेटका, खिडकीत तुळस. मुलीनं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. घरात बेसनाच्या, म्हणजे पिठल्याच्या, फोडणीचा वास भरलेला. तव्यावर भाकरी होती, रात्रीसाठी करून ठेवत होती. आमच्या पाण्याच्या बाटल्या तिनं आमच्या हातातून घेतल्या, टीपॉयवर ठेवल्या, आणि नेहमीसारखी म्हणाली, "बसा. तासाभरानं निघू. टेबल बुक केलं हाय."

दर खेपेला हेच व्हायचं. तिच्या घरात आम्ही आपलंच पाणी पीत बसायचो आणि ती समोर बसून आम्हाला बघायची. आत काही शिजत असलं तरी त्याचं नाव कुणी काढायचं नाही.

मी बसलो नाही. सरळ बेसिनवर जाऊन हात धुतले, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि मांडणीवरचं एक ताट घेऊन समोर ठेवलं. म्हणालो, "वाढ मले."

तिला वाटलं मी गंमत करतो. हसून म्हणाली, "काय बाबा."

"गंमत नाही करून राह्यलो. भाकरी वाढ, बेसन वाढ. आज मी इथंच जेवतो. तुही माय बी जेवते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खाली बघत होती. मी मात्र सुरू झालो. मास्तरकी अंगात भिनलेली, एकदा फळ्यासमोर उभा राहिलो की घंटा होईपर्यंत थांबायचं माहीत नाही. मी म्हणालो, हे असले नियम कुणी केले, कायले केले, त्याले काही बुड ना शेंडा. लेक ती लेक, तिले लेकरू असो नाहीतर नसो. माझ्या लेकीच्या घरचं अन्न मला गोड नाही काय? लोकांना बोलायचं ते बोलू दे. वहिनी काय म्हणाली तेही सांगून टाकलं. म्हणालो, आता होईन तं होईन, नाही होईन तं नाही, आपण कायले त्यासाठी उपाशी राहाचं? मी मागच्या गोष्टी धरून बसणारा बाप नाही.

शेवटचं वाक्य बोलून मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती येऊन गळ्यात पडेल.

तिनं गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी उतरवून कपड्यात गुंडाळली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. मग माझ्याजवळ आली आणि माझ्यासमोरचं ताट उचललं. हिसकावलं नाही, हळूच उचललं आणि छातीशी धरून उभी राहिली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी नाही वाढत."

"काऊन? कायले नाही वाढत?"

"तुम्ही जेवले की झालंच मंग."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "काय झालं?"

ती म्हणाली, "डॉक्टरनं लेकरासाठी अजून एकदा करून पाहू म्हटलं हाय. उन्हाळ्यात. मागच्या दोन्ही वेळेस काही झालं नाही, मायले माहीत हाय. सासूबाई आता इचारत बी नाही. यांनी तं मले सांगूनच टाकलं, नाही झालं तं नाही, आपण दोघं खुशीत राहू. चांगलं मन हाय म्हणून म्हणतात, मले समजते. मैत्रिणी म्हणतात, सोड आता. सगळ्यांनी सोडलं, बाबा. फक्त तुम्ही दोघं दर खेपेले पाण्याची बाटली घेऊन येता. माह्या घरात बसता आन पाणी नाही पेत. ते पाहून मले वाटते, माय-बाबा अजून वाट पाहून राह्यले. यांना वाटते होईन म्हणून." ती थांबली. "आज तुम्ही जेवले, तं मंग माह्यासंग वाट पाहणारं कोण राह्यलं?"

इतकी वर्षं मी त्या हॉटेलांना, त्या उशांना, त्या पाट्यांना नावं ठेवत होतो. ते सगळं तिनं का मांडलं होतं ते मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. मी समजत होतो, ती आमच्या नियमाला सांभाळून घेते. ती तर त्या नियमाला धरून उभी होती. आणि मी तो मोडायला आलो होतो, वहिनीचं तोंड बंद करायला, तेही मोठा उपकार करतो अशा तोऱ्यात.

मला रडू आलं. ते लपवायचं काही कारण नाही, म्हातारा माणूस रडला म्हणून घर पडत नाही. बायको दारातून पुढे आली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ताट अजून पोरीच्या छातीशी होतं. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत होता.

मी खुर्ची मागं सरकवून उठलो. धोतर असतं तर झटकलं असतं, पँट होती म्हणून नुसताच उभा राहिलो. पोरीला विचारलं, "टेबल कुठी बुक केलं म्हणे?"

तिनं डोळे पुसले. नाव सांगितलं. जावईबापूंनी शोधलेली नवी जागा. तिथं म्हणे आपण काही मागायचंच नाही, आचारी त्याच्या मनानं एकेक घास पाठवतो, मोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध एवढासा ढीग, आणि तो कसा खायचा तेही येऊन समजावून सांगतो.

"अरे वा," मी म्हणालो.

"रद्द करते मी, बाबा. दुसरं साधं पाहू. तुम्हाले असलं नाही आवडत."

"कोण म्हणते? मले भल्लं आवडते."

"खोटं बोलून राह्यले तुम्ही."

"हाव," मी म्हणालो. "चाल आता, भूक लागली."